श्वासरंध्रे आढळल्यास नग बाद करावा

हे वाक्य माझं आहे. छापलं गेलं, लॅमिनेट झालं आणि एका ओतशाळेच्या भिंतीवर लागलंही. मग तिथल्या सुपरवायझरांचा फोन आला. आवाजात हसू दाबलेलं होतं.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक विचारू? लोखंड श्वास कधीपासून घ्यायला लागलं?"

मी तांत्रिक भाषांतरं करते. त्या महिन्यात दोन कामं एकाच वेळी हातात होती. एक होतं ओतकामातले दोष ओळखण्याचा तक्ता आणि दुसरं मुलांसाठी देवमाशांवरचं पुस्तक. भाषांतराच्या सॉफ्टवेअरला स्मरणशक्ती असते, अक्कल नसते. देवमाशाच्या डोक्यावरच्या 'ब्लोहोल'ला मी सकाळी 'श्वासरंध्र' लिहिलं, ते त्यानं लक्षात ठेवलं आणि संध्याकाळी लोखंडाच्या तक्त्यात जिथं जिथं 'ब्लोहोल' होतं तिथं तिथं गुपचूप भरून टाकलं. मी तपासताना वाक्य वाचलं, व्याकरण बरोबर होतं, पुढे गेले. म्हणजे खरं तर अक्कल माझीच गेली होती, सॉफ्टवेअरच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

सुपरवायझर भला माणूस. "एकदा येऊन बघून जा," म्हणाले. गेले.

तिथं एक काका होते, वाळूचे साचे बांधण्यात उभा जन्म गेलेले. त्यांनी बाद मालाच्या ढिगातून एक तुकडा उचलला, करवतीनं मधोमध कापलेला, साधारण मुठीएवढा. कापलेली बाजू करडी, बारीक रव्याची. आणि त्या करड्या रंगात, वरच्या कडेपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खाली, वाटाण्याएवढी एक पोकळी. मी बोट घातलं. आतून गुळगुळीत. नुसती गुळगुळीत नाही, पॉलिश केल्यासारखी, बाहेरच्या धातूपेक्षाही तुकतुकीत.

"खरबरीत लागलं असतं तर ते आकसण्याचं भोक," काका म्हणाले. "रस थंड होताना आकसतो, तिथं फाटल्यासारखं होतं. हे गुळगुळीत आहे, म्हणजे हवेनं केलंय. बुडबुडा आहे हा."

लोखंड ओततात तेव्हा त्याचा रस असतो, तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास. साचा वाळूचा, आणि वाळूत ओल असतेच. रस आत शिरला की त्या ओलीची क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ते दीडहजारपटीहून जास्त जागा मागतं. वाळू दाबून बसवली असेल, वर व्हेंटची भोकं नीट टोचली नसतील, तर त्या वाफेला जायला रस्ता नाही. ती रसात घुसते, वर चढायला लागते, आणि कातडीपर्यंत पोचता पोचता भोवतालचा रस गोठतो. बुडबुडा तिथंच. बाहेरून नग देखणा दिसतो. मशीनवर चढवून वरचा थर काढला की भोक उघडं पडतं आणि तोवरची सगळी मजुरी पाण्यात.

"वाट दिली नाही की वाफ घर करते," काका म्हणाले.

हे ऐकताना मी वहीत घाईघाईनं लिहून घेतलं. त्याचं कारण मला पुढे कळलं. जपानी ओतशाळांमध्ये अशा पोकळीला 'सु' म्हणतात. 'सु' म्हणजे घरटं. दोन माणसं, एकमेकांची भाषा न कळणारी, एकच भोक बघतात आणि दोघांनाही कुणीतरी तिथं राहायला आलंय असं वाटतं. फ्रेंच ओतारी तिला 'सूफ्ल्यूर' म्हणतो, 'सूफ्ल' म्हणजे श्वास, फुंकर. स्पॅनिशमध्ये 'सोप्लादुरा', तेही फुंकण्यावरूनच. तेव्हा माझं 'श्वासरंध्र' अगदीच काही आभाळातून पडलेलं नव्हतं, असं मी स्वतःचं समाधान करून घेतलं. पण चूक ती चूकच. काकांच्या भोकात श्वास होता खरा, पण तो बाहेर पडू शकला नाही म्हणून तर भोक झालं. देवमाशाच्या भोकाचा सगळा जन्म श्वास बाहेर टाकण्यासाठी. एकाच इंग्रजी शब्दाखाली सुटलेला श्वास आणि अडकलेला श्वास दोघंही नांदत होते, आणि माझ्या सॉफ्टवेअरनं दोघांची गाठ मारून दिली होती.

तो तुकडा काकांनी मला देऊन टाकला. टेबलावर कागद दाबायला आहे.

इकडे देवमाशाचंही घोडं अडलंच होतं. 'श्वासरंध्र' बरोबर आहे, पण आठ वर्षांच्या मुलाला वाचायला द्यायचं म्हटलं की तो शब्द दाताखाली खड्यासारखा येतो. आणि तो खोटाही नाही नि खराही नाही. रंध्र म्हटलं की डोळ्यांपुढे येतं त्वचेवरचं सूक्ष्म छिद्र. देवमाशाचं ते भोक म्हणजे सरळ सरळ नाक आहे. जागा बदललेलं नाक.

जागा कशी बदलली त्याचे जीवाश्म सापडले आहेत. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा पाकिसेटस हा चार पायांचा, जमिनीवर चालणारा पूर्वज. त्याच्या नाकपुड्या कुत्र्यासारख्या थेट थोबाडाच्या टोकाला. त्याच्यानंतर जवळपास एक कोटी वर्षांनी बॅसिलोसॉरस, पूर्ण पाण्यातला, त्याच्या नाकपुड्या सरकून थोबाडाच्या मध्यावर आलेल्या. आजच्या बहुतेक देवमाशांत त्या पार वर, टाळूवर. आणि गंमत म्हणजे हा प्रवास प्रत्येक देवमासा आईच्या पोटात पुन्हा करतो. सुरुवातीच्या भ्रूणाच्या नाकपुड्या पुढेच असतात, मग हळूहळू वर सरकतात.

टाळूवर. हे वाचलं तेव्हा मला 'ब्रह्मरंध्र' आठवलं. योग्याचा प्राण टाळूतल्या अदृश्य दारातून बाहेर पडतो म्हणतात. देवमाशाचा तिथूनच पडतो, दर काही मिनिटांनी, आणि परत आतही येतो. हा शब्द पुस्तकात वापरायचा मोह मी दोन दिवस बाळगला. मग संपादकबाई काय म्हणतील ते मनात ऐकलं आणि सोडून दिला.

या नाकाची कामाची पद्धत आपल्या नाकाच्या नेमकी उलटी आहे. आपलं नाक उघडं असतं, बंद करायचं तर चिमटीत धरावं लागतं. देवमाशाचं भोक विश्रांतीत बंद असतं आणि उघडायला स्नायू ताणावे लागतात. बेशुद्ध माणूस श्वास घेत राहतो. देवमाशाला आणि डॉल्फिनला मात्र प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. म्हणून डॉल्फिन झोपतो तो अर्ध्या मेंदूनं, उरलेला अर्धा जागा राहून वर यायची आठवण ठेवतो. दुसरी गोष्ट, त्याची श्वासनलिका आणि अन्ननलिका वेगळ्या ठेवलेल्या असतात. आपल्यासारखी घशात दोन रस्त्यांची चौफुली नाही. 'नाकातोंडात पाणी जाणे' हा वाक्प्रचार देवमाशांच्या मराठीत असूच शकला नसता. 'नाकी नऊ येणे' मात्र असता. शरीराच्या नऊ दारांमधला प्राण नाकाशी गोळा होतो तो नाकी नऊ, अशी त्याची फोड सांगतात, आणि तासभर खोल बुडी मारून वर येणाऱ्या स्पर्म व्हेलचं वर्णन याहून नेमकं मला करता येणार नाही.

वर आल्यावर जे होतं ते स्फोटासारखं असतं. आपण साध्या श्वासाला फुप्फुसातली फार तर दहा-पंधरा टक्के हवा बदलतो, देवमासा ऐंशी-नव्वद टक्के. तेही एक-दोन सेकंदांत. ब्लू व्हेलचा फवारा नऊ मीटरपर्यंत चढतो, तीन मजली इमारतीएवढा. आणि तो पाण्याचा नसतो. चित्रांमध्ये देवमाशाच्या डोक्यावर कारंजं काढतात, माझ्या पुस्तकाच्या चित्रकारानंही काढलं होतं, ते पुसायला लावलं. तिथं असते वाफ, थंड हवेत निवून बारीक थेंब झालेला ओलसर उच्छ्वास, त्यात थोडी श्लेष्मा आणि भोकाच्या तोंडाशी साचलेलं समुद्राचं चार थेंब पाणी. थोडक्यात, थंडीच्या सकाळी आपल्या तोंडातून निघते तीच वाफ, अवाढव्य. त्यातला शेंबूड आजकाल शास्त्रज्ञ ड्रोनला तबकड्या लावून गोळा करतात. देवमाशाला हात न लावता त्याचा डीएनए, त्याची संप्रेरकं, त्याचे जंतू कळतात. हा परिच्छेद मी मुलांच्या पुस्तकात जसाच्या तसा ठेवलाय. शेंबडावर ज्यांचं हसू थांबत नाही असा वाचक दुसरा कुठं मिळणार?

भोकं किती, यावरून जात ओळखता येते. बलीन म्हणजे तोंडात गाळण्या असलेल्या देवमाशांना दोन, आपल्या नाकपुड्यांसारखी शेजारी शेजारी. दात असलेल्यांना एकच. राइट व्हेलचा फवारा दोन फाट्यांचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा उडतो. स्पर्म व्हेलचं एकमेव भोक डोक्याच्या पुढच्या टोकाला आणि तेही डावीकडे, त्यामुळे त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे तिरपा जातो. जुने शिकारी डोलकाठीवरून तेवढ्यावर ओळखायचे की खाली कोण आहे. दुसरी नाकपुडी गेली कुठे? ती आत आहे, आवाजाच्या कामाला लावलेली. दातवाल्या देवमाशांच्या नाकाच्या नळीत ओठांसारख्या घड्या असतात, त्यातून हवा दाबून सोडली की टकटक उठते आणि त्या टकटकीच्या प्रतिध्वनीवर ते अंधारात शिकार शोधतात. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञांनी स्पर्म व्हेलमधल्या या ओठांना नाव दिलं होतं 'माकडाचं थोबाड'. म्हणजे बोलणं नाकातलं, आणि शब्दशः.

माणसांनी या भोकाला काय काय म्हटलं ते बघताना माझे आठवडे गेले. हिशोबात न धरलेले आठवडे, हे वेगळं सांगायला नको.

ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याला 'औलोस' म्हटलं. औलोस म्हणजे नळी, आणि औलोस म्हणजे ग्रीकांचं फुंकून वाजवायचं वाद्य. याच ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय की डॉल्फिनला फुप्फुस आहे, तो हवेत श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, आणि जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिला तर गुदमरतो. एवढं सगळं अचूक पाहिलं आणि वर लिहिलं की या नळीतून तो तोंडात शिरलेलं पाणी बाहेर टाकतो! कारंज्याची चूक इतकी जुनी आहे. जपानीतही देवमाशाच्या फवाऱ्याला 'शिओफुकी' म्हणतात, म्हणजे खारं पाणी फुंकणं. रोमन लेखक प्लिनीनं गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, समुद्रातल्या 'फिसेटर' नावाच्या प्राण्याबद्दल लिहिलं, जहाजाच्या शिडांहून उंच खांबासारखा उठतो आणि पूर ओकतो म्हणून. फिसेटर ग्रीकमधून आलेला, अर्थ फुंकणारा. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ साली तोच शब्द उचलून स्पर्म व्हेलचं शास्त्रीय नाव केलं. त्या भल्यामोठ्या डोक्याच्या प्राण्याचं जगभरातल्या शास्त्रात नाव काय, तर 'फुंक्या'.

रशियन शब्दावर मात्र माझा जीव जडला. 'दिखालो'. श्वास घेण्याच्या क्रियापदाला शेपूट जोडून केलेला, जसं आपण फुंकण्यावरून 'फुंकणी' करतो, झाकण्यावरून 'झाकणी'. आणि कीटकांच्या कुशीवर श्वास घ्यायची जी इवलीशी छिद्रं असतात, त्यांना त्याच शब्दाचं लाडिक रूप, 'दिखाल्त्से'. देवमाशाचं ते श्वासणं, मुंगीचं ते श्वासणुलं. मराठीला असं करता येतं. करत नाही, कारण आपण तांत्रिक शब्द घडवायचा म्हटलं की आधी सोवळं नेसतो आणि संस्कृतच्या देवघरात जातो. 'दिखालो' ज्यानं पहिल्यांदा म्हटलं तो तसा कुठं गेला नसणार.

आपल्याकडचं उदाहरण नाही असं नाही. गंगेतल्या डॉल्फिनला तिथले लोक 'सूंस' म्हणतात. तो जवळजवळ आंधळा, गढूळ पाण्यात आवाजावर जगणारा. वर आला की डोक्यावरची फट उघडते आणि जो आवाज येतो तो म्हणजे सूंऽस. इतर डॉल्फिनांचं भोक चंद्रकोरीसारखं आडवं असतं, याचं मात्र डोक्याच्या लांबीत उभी चीर दिल्यासारखं. २००९ साली त्याला भारताचा राष्ट्रीय जलचर केलं, त्याच्या किती आधीपासून नदीकाठच्या माणसांनी त्याचं बारसं त्याच्या नाकाच्या आवाजावरून करून टाकलं होतं. त्यांनी भोकाला नाव दिलंच नाही. भोकातून जे निघतं तेच त्या प्राण्याचं नाव.

समुद्राच्या काठावरही ब्लोहोल असतं, आणि तिथं तर नावं ठेवणाऱ्यांनी धमाल केली आहे.

आधी ते होतं कसं ते सांगते. लाटा कड्याच्या पायथ्याशी खडकातली फट पोखरत गुहा करतात. गुहेचं छत एखाद्या भेगेच्या आधारानं वरपर्यंत झिजत गेलं की कड्याच्या माथ्यावर एक भोक उघडतं, पाण्यापासून चांगलं आत. आता लाट गुहेत शिरली की आतली हवा कोंडते, दबते, आणि वरच्या भोकातून पाण्याला घेऊन सुटते. लाट लहान असेल तर नुसता सुस्कारा, मोठी असेल तर तोफ. ऑस्ट्रेलियातल्या कियामाचं भोक असंच. डिसेंबर १७९७ मध्ये जॉर्ज बास हा इंग्रज दर्यावर्दी तिथं पोचला, आणि तो ज्या उघड्या बोटीतून किनारा धुंडाळत होता ती होती देवमाशांच्या शिकारीची बोट! समुद्र आग्नेयेकडून आला की ते भोक जोरात बोलतं, एरवी गप्प. तासन्‌तास कठड्याला टेकून उभं राहून काहीच न बघता परतलेले लोक जगात किती असतील! पण त्याहून वाईट म्हणजे कठडा नसलेल्या भोकात डोकावणारे. ते गप्प आहे म्हणजे रिकामं आहे असं त्यांना वाटतं.

स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियासच्या चुनखडीच्या किनाऱ्यावर अशा भोकांना 'बुफोन' म्हणतात, फुरफुरण्याच्या क्रियापदावरून. स्पॅनिशमध्ये 'बुफोन' म्हणजे विदूषकसुद्धा. तो शब्द इटालियनमधून आला, तिथंही मूळ गाल फुगवून फुर्र करण्याचंच. म्हणजे तिथल्या कड्यावर जे उभं आहे ते समुद्राचं विदूषकपण: गाल फुगवतो, अंगावर पाणी उडवतो, दचकवतो. फ्रेंच लोक त्याच भोकाला 'सूफ्लर' म्हणतात. रेयुनियन बेटावर काळ्या खडकात एक आहे, त्याचं नावच 'ल सूफ्लर'. आणि फ्रेंच नाट्यगृहात सूफ्लर कोण? रंगमंचाच्या पुढे खड्ड्यात बसून नटाला विसरलेलं वाक्य पुटपुटणारा, आपला प्रॉम्प्टर. एकाच भोकाकडे बघून एका भाषेला रंगमंचावरचा सगळ्यात गोंगाट करणारा माणूस दिसला आणि शेजारच्या भाषेला न दिसता कुजबुजणारा. दोन्ही शब्द फुंकरीतूनच आले. ज्या दिवशी हे मला सापडलं त्या दिवशी मी पुढचं काम केलं नाही.

मग ॲरिस्टॉटलचं वाद्य परत आलं. जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर क्लायारला खडकात एक भोक आहे, लाट आली की शीळ घालतं. त्याला 'सेरुलिंग सामुद्रा' म्हणतात. सामुद्रा आपलाच समुद्र, आणि सेरुलिंग म्हणजे बासरी. टोंगामध्ये होऊमाच्या किनाऱ्यावर अशी कितीतरी भोकं ओळीनं उडतात, त्यांचं नाव 'मापु आ वाएआ', वाएआ या सरदाराची शीळ. श्रीलंकेच्या दक्षिणेला 'हुम्मानय' आहे, तिथं लाट यायच्या आधी 'हूऽ' ऐकू येतं. आणि बासरीत फुंक मारायचं जे भोक असतं त्याला इंग्रजीत काय म्हणतात? तेच. ब्लोहोल.

समुद्राशिवायही जमीन श्वास घेते. हे मला माहीत नव्हतं, आणि कळल्यावर जरा भीतीच वाटली. जमिनीखाली मोठ्या गुहांचं जाळं असेल आणि वर यायला एखादंच अरुंद भोक असेल, तर बाहेरचा हवेचा दाब बदलला की त्या भोकातून वारा वाहतो. बाहेर दाब उतरला की गुहा उच्छ्वास टाकते, चढला की आत ओढते. ऑस्ट्रेलियाच्या नल्लारबोर पठारावर अशी भोकं पुष्कळ आहेत. अमेरिकेत साउथ डकोटात १८८१ साली दोन बिंगहॅम भाऊ अशा भोकाशी पोचले, आतल्या वाऱ्यानं एकाची टोपी उडाली. काही दिवसांनी तो मित्रांना चमत्कार दाखवायला घेऊन गेला आणि टोपी धरली. वाऱ्याची दिशा फिरली होती, टोपी आत गेली. तिथल्या मूळच्या लकोटा लोकांना ते भोक आधीपासून माहीत होतं आणि त्यांच्यासाठी ते पवित्र. पृथ्वी जिथं आत श्वास घेते ती जागा, अशा अर्थाचं नाव त्यांच्याकडे आहे. इतरांनी त्याला 'विंड केव्ह' म्हटलं, वाऱ्याची गुहा. वारा तर कुठंही असतो. आत-बाहेर, आत-बाहेर हे ज्यांनी पाहिलं त्यांना श्वास दिसला.

इथं एक फाटा फोडते. इंग्रजीत खिडकीला जो शब्द आहे तो जुन्या नॉर्समधला 'विंदाउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. घराच्या छपरात धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं भोक. आपलं 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा. भिंतीत भोक पाडा नाहीतर छपरात, माणसाला तिथं डोळा दिसतो. आणि नाकपुडीसाठी इंग्रजीत जो शब्द, तो मुळात 'नाकाचं भोक' एवढाच. बाकी काही नाही.

लंडनच्या भुयारी रेल्वेलाही नाक हवं होतं. १८६३ मध्ये ती सुरू झाली ती वाफेच्या इंजिनांवर, म्हणजे बोगद्यात धूर आणि वाफ. मधे मधे आभाळाकडे उघडे तुकडे ठेवावे लागले. त्यातला एक लेन्स्टर गार्डन्स नावाच्या श्रीमंत रस्त्यावर आला. तिथं ओळीनं पाच मजली पांढरी घरं, आणि मधली दोन पाडलेली. मग २३ आणि २४ क्रमांकांच्या जागी नुसता दर्शनी भाग उभा केला. खांब, सज्जे, दारं, सगळं शेजारच्यासारखं. खिडक्यांच्या काचांच्या जागी करडा रंग, दाराला पत्र टाकायची फट नाही. मागे काही नाही, खाली रूळ. आजही ती दोन घरं तशीच उभी आहेत. चारचौघांत शिंक आल्यावर रुमाल धरावा तसं.

बर्फातल्या भोकाला शब्दकोशात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर एक ओळ मिळते. सील आणि देवमासे श्वासाला येतात ते बर्फातलं भोक. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांकडे त्याला एक स्वतंत्र शब्द आहे, 'आग्लु'. रिंग्ड सील हे भोक स्वतः करतो. शरद ऋतूत पाणी गोठायला लागलं की पातळ बर्फ डोक्यानं फोडतो, आणि मग हिवाळाभर, बर्फ दोन मीटर जाड होईपर्यंत, पुढच्या पायांच्या नखांनी खरवडून खरवडून ते बुजू देत नाही. एक नाही, अशी कितीतरी भोकं सांभाळतो. वर बर्फाचा थर असतो, बाहेरून काही दिसत नाही. शिकारी ते हुडकून काढतो, त्यात हाडाची बारीक काडी नाहीतर पिसाचा तुकडा लावतो आणि वाकून उभा राहतो. तासन्‌तास. पाय हलवायचा नाही, बर्फ आवाज पोचवतो. खाली सील वर आला की आधी हवा हलते आणि पीस थरथरतं. त्या थरथरण्याकडे बघत उभा असलेला माणूस स्वतःचा श्वास धरून असतो. अस्वलही हेच करतं, पिसाशिवाय.

सीलला ते नाक. माणसाला ते दार. दोघांचा शब्द एकच होता की नाही हे विचारायला सील मिळत नाही.

शेवटी राहिली इंग्रजी शिवी. फार बडबडणाऱ्याच्या तोंडालाही ब्लोहोल म्हणतात. याला मराठी शोधायला मला एक मिनिटही लागलं नाही, 'तोंडाची वाफ' आपल्याकडे पूर्वीपासून दवडली जाते.

तर असं सगळं वहीत जमवून मी पुन्हा माझ्या दोन कामांकडे आले. तक्ता सोपा होता. तिथं ज्या शब्दानं काका एकमेकांना हाक मारतात तोच लिहिला: 'ब्लोहोल आढळल्यास नग बाद करावा.' नवा कागद भिंतीवर लागला. सुपरवायझरांनी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आता कसं, सगळ्यांना कळलं." ते जुनं लॅमिनेट मात्र त्यांनी फेकलं नाही म्हणे, केबिनमध्ये लावलंय.

पुस्तकाच्या संपादकबाईंचा फोन येत राहिला. आकृतीत एक बाण होता, देवमाशाच्या टाळूकडे जाणारा, आणि बाणाच्या शेपटाशी एका शब्दापुरती जागा. 'श्वासरंध्र' मावत होतं, पण मीच नको म्हटलं. 'श्वासणी' म्हणून बघितलं, रशियनच्या धर्तीवर. बाई म्हणाल्या, "गोड आहे, पण मुलं शाळेत विचारतील आणि मास्तर म्हणतील असा शब्दच नाही." 'फवारभोक' सुचवलं ते मीच मागे घेतलं, ते परत कारंज्याकडे नेत होतं. मग एका दुपारी त्यांनी कंटाळून विचारलं, "अहो, पण ते आहे काय नेमकं?"

"नाक आहे."

"मग नाक लिहा ना."

लिहिलं. बाणाशी 'नाक', आणि पुढे कंसात 'हो, डोक्यावर!'. पुस्तक छपाईला गेलं.

परवा रात्री टेबल आवरताना काकांनी दिलेला तुकडा हातात आला. कापलेल्या बाजूची ती गुळगुळीत पोकळी ओठांशी धरली आणि पेनाच्या टोपणावर घालतो तशी कडेवरून आडवी फुंकर घातली. पहिल्या दोन वेळी नुसती हवा गेली. तिसऱ्यांदा बारीक, तीक्ष्ण शीळ निघाली.

आतल्या खोलीतून प्रश्न आला, "कोण वाजवतंय?"

"बाद नग," मी म्हटलं, आणि पुन्हा फुंकलं.